दाराशी आलेला उमेदवार

माझे माहेर तळकोकणातल्या एका तालुक्याच्या गावी आहे. वस्ती पंधरा हजारांच्या आतली. पण तहसील कचेरी, न्यायालय, एसटीचा डेपो, हायस्कूल, आठवड्याचा बाजार असे सगळे तेथे असल्यामुळे आसपासच्या खेड्यांतले लोक त्याला पूर्वीपासून ‘शहर’च म्हणत. राज्य सरकारने 2014 च्या सुमारास तालुक्याच्या ठिकाणच्या ग्रामपंचायतींचे नगरपंचायतींत रूपांतर करण्याचा निर्णय घेतला आणि आमचे गाव कायद्यानेही शहर झाले. सरपंचांच्या जागी नगराध्यक्ष आले, ग्रामसेवकांच्या जागी मुख्याधिकारी आले, वॉर्डांचे सतरा प्रभाग झाले, आणि ग्रामपंचायतीच्या जुन्या कौलारू इमारतीवर नवा फलक लागला. त्या वेळी मला आनंद झाला होता. मुंबईत राहणाऱ्या माहेरवाशिणीला आपल्या गावाचा मान वाढल्याचे जे समाधान वाटायचे, तेच ते होते. या बदलात गावाने काय गमावले, ते मात्र पुढच्या दोन निवडणुका पाहिल्यावरच माझ्या नीट लक्षात आले. गावाची ग्रामसभा गेली. ग्रामसभा गेल्यापासून सामान्य माणूस आणि गावचा कारभार यांची समोरासमोर गाठ पडण्याचा प्रसंग पाच वर्षांतून एकदाच येतो, उमेदवार मते मागायला दाराशी येतो तेव्हा. म्हणूनच लहान गावातल्या उमेदवाराकडे आपण किती गांभीर्याने पाहतो आणि त्याला काय विचारतो, हा मला आज गावाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा प्रश्न वाटतो.

ग्रामसभा मी मुलगी म्हणून पाहिली आहे आणि नंतर सुट्टीत माहेरी आलेली बाई म्हणूनही. ती प्राथमिक शाळेच्या पटांगणात भरे. 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट, 2 ऑक्टोबर या दिवशी किंवा त्यांच्या मागेपुढे. ग्रामसेवक मागच्या सभेचे इतिवृत्त एका सुरात वाचून दाखवीत, आणि ते संपायच्या आतच मागच्या बाकावरून कोणीतरी उठून विचारी की वरच्या वाडीच्या पाखाडीचे पैसे मंजूर झाले होते, ते गेले कुठे. मग आवाज चढत. एकमेकांच्या आजोबांपर्यंत विषय जाई. गणसंख्या भरली नाही म्हणून सभा तहकूब झाल्याचेही मला आठवते, आणि ठरावावर सह्या घरोघर फिरून घेतल्याचेही. तो आदर्श कारभार होता असे मी म्हणणार नाही. गरीब वाडीतल्या माणसाचा आवाज तेथे क्वचितच चढत असे. तरीही विहिरीतला गाळ का काढला नाही, स्मशानातल्या शेडचे पत्रे कोणत्या ठेकेदाराने घातले, पथदिवे लागतात कोणाच्या दारात, हे प्रश्न मतदारयादीत नाव असलेला कोणीही माणूस उभा राहून विचारू शकत होता आणि सरपंचांना तेथल्या तेथे काहीतरी उत्तर द्यावे लागत होते. ग्रामसभेच्या आधी बायकांची वेगळी महिलासभा भरत असे. माझी आई आयुष्यात एकदाच सार्वजनिक ठिकाणी बोलली, ती त्या महिलासभेत, आणि बोलली ते नदीवरच्या धुण्याच्या दगडांविषयी. पुराने ते वाहून गेले होते आणि ते पुन्हा बसवावेत एवढीच तिची मागणी होती.

नगरपंचायतीत यांतले काही नाही. तेथे सर्वसाधारण सभा होते, पण ती नगरसेवकांची. नागरिकाला त्या सभेत उठून प्रश्न विचारता येत नाही. राज्यघटनेने शहरांसाठी प्रभाग समित्या सांगितल्या आहेत, पण त्या तीन लाख किंवा त्याहून अधिक लोकसंख्येच्या शहरांना बंधनकारक आहेत. आमच्या गावाची लोकसंख्या तीन लाख व्हायला कैक पिढ्या लागतील. प्रभागातल्या मतदारांच्या सभेची, म्हणजे क्षेत्रसभेची, तरतूद राज्याच्या कायद्यात आहे. ती आमच्या गावात भरल्याचे कोणी मला अजून सांगितलेले नाही. म्हणजे खेड्याचे शहर झाले की घरपट्टीचे दर बदलतात, घराच्या दुरुस्तीला नगररचनेचे नियम लागतात, आणि लोकांची सभा मात्र नाहीशी होते. ज्या 74 व्या घटनादुरुस्तीने 1993 मध्ये नगरपालिकांना घटनेत स्थान दिले, नियमित निवडणुका बंधनकारक केल्या आणि स्त्रियांसाठी जागा राखल्या, तिच्याविषयी मला मनापासून कृतज्ञता आहे. तिने लहान शहरांतल्या नागरिकाला मत दिले, पण दोन मतदानांच्या मधल्या काळात बोलण्याची जागा ठेवली नाही, हेही तितकेच खरे आहे.

तर मग उरतो तो उमेदवार.

लहान गावातला उमेदवार मुंबईच्या माणसाला कळणे थोडे कठीण आहे. एका प्रभागात मतदार असतात काहीशे. उमेदवाराला त्यांतले बहुतेक जण नावानिशी माहीत असतात आणि मतदारांना तर उमेदवाराच्या तीन पिढ्या ठाऊक असतात. त्याने बहिणीच्या लग्नात किती खर्च केला, भावाशी जमिनीचा वाद कसा मिटवला, दुकानात उधारीची वही कशी ठेवतो, हे सगळे लोकांना माहीत असते. उभे राहायचे ठरले की आधी वाडीची बैठक बसते. वाडीतून एकच नाव जावे यासाठी रात्री उशिरापर्यंत समजावणी चालते. मग ग्रामदेवतेसमोर नारळ ठेवून गाऱ्हाणे घातले जाते. त्यानंतर कागदपत्रांची धावपळ सुरू होते: घरपट्टी-पाणीपट्टीची थकबाकी नसल्याचा दाखला, शौचालय वापराचा दाखला, राखीव जागा असेल तर जातवैधता प्रमाणपत्र किंवा त्यासाठी अर्ज केल्याचा पुरावा, 12 सप्टेंबर 2001 नंतर जन्मलेल्या अपत्यामुळे दोनपेक्षा जास्त अपत्ये होत नसल्याचे प्रतिज्ञापन, मालमत्ता आणि गुन्ह्यांच्या माहितीचे शपथपत्र. छाननीत अर्ज टिकला की माघारीच्या दिवसापर्यंत दडपण. कोणाचे सासरे येतात, कोणाचे सावकार येतात, कोणाचे गुरुजी येतात, आणि सगळे एकच सांगतात की गावात वाईटपणा नको, अर्ज मागे घे.

बिनविरोध निवडीचे आपल्याकडे फार कौतुक होते. गावाने एकोप्याने ठरवले, खर्च वाचला, भांडणे टळली, असे आपण म्हणतो. डिसेंबर 2025 मध्ये राज्यातल्या नगरपरिषदा आणि नगरपंचायतींच्या निवडणुका झाल्या तेव्हाही अनेक ठिकाणी उमेदवार मतदानाआधीच निवडून आले, आणि त्या दिवशी गुलाल उधळलेलाही सर्वांनी पाहिला. माझे मत याच्या उलट आहे. ग्रामपंचायतीत बिनविरोध निवड झाली तरी मागाहून ग्रामसभा आहे. चुकार सदस्याला तेथे गाठता येते. नगरपंचायतीत बिनविरोध निवडून आलेला माणूस कोणाच्याही दाराशी न जाता, एकाही प्रश्नाला तोंड न देता पाच वर्षे कारभार करू शकतो. ज्या गावात ग्रामसभा नाही त्या गावात दुसरा अर्ज टिकून राहणे ही मोठी गोष्ट आहे. तो अर्ज भरणाऱ्याची जिंकण्याची शक्यता नसली तरी पहिल्याला त्याच्यामुळे घराघरांत जावे लागते.

आणि घराघरांत गेल्यावर काय होते, हे सांगायला हवे, कारण सगळे तेथेच अडते. 2021 च्या डिसेंबरात मी दादाकडे गेले होते. संध्याकाळी ओटीवर बसलो असता प्रभागातला उमेदवार आठ-दहा जणांना घेऊन आला. दादाचा तो शाळेतला सोबती. वहिनी पाण्याचा तांब्या आणि गुळाची वाटी घेऊन बाहेर आली, खुर्च्या मांडल्या गेल्या, माझी मुंबईची खुशाली विचारली गेली, त्याच्या आईच्या गुडघ्याच्या दुखण्याची चौकशी झाली. पत्रक हातात दिले गेले. ‘लक्ष असू द्या’ असे तो म्हणाला, ‘ते काय सांगायला हवं’ असे दादा म्हणाला, आणि मंडळी उठली. ज्या ओटीवर हे बोलणे झाले तिच्या समोरचे गटार अर्धवट बांधलेले होते आणि पावसाळ्यात त्याचे पाणी वहिनीच्या तुळशीपर्यंत येत होते. त्याविषयी कोणी अवाक्षर काढले नाही. तो गेल्यावर मी दादाला विचारले, तर तो म्हणाला, ‘दारात आलेल्या माणसाला असं कसं विचारायचं? उद्या आपल्याकडे कोणाचं बरंवाईट झालं तर खांदा द्यायला तोच येणार आहे.’

दादाचे हे उत्तर मी पुष्कळ दिवस मनात घोळवले आणि त्याला चूक म्हणण्याचे धाडस मला अजून होत नाही. लहान गाव भिडेवर चालते. त्या भिडेमुळेच तेथे कोणी उपाशी झोपत नाही आणि कोणाचे मयत अडून राहत नाही. उमेदवारही याच भिडेच्या जोरावर उभा राहतो. रात्री-अपरात्री गाडी काढून आजाऱ्याला ओरोसच्या किंवा गोव्यातल्या बांबोळीच्या रुग्णालयात नेणे, दाखल्यासाठी तहसील कचेरीत खेपा घालणे, भजनी मंडळाला पखवाज देणे, हे त्याचे वर्षानुवर्षांचे भांडवल असते. या मदतीला नाके मुरडणारे शहरी लेखन मी वाचले आहे आणि ते मला अन्यायाचे वाटते. ज्याच्या आईला मध्यरात्री बांबोळीला पोचवले गेले, त्याने ते मतदानाच्या दिवशी का विसरावे? परंतु रुग्ण पोचवणे हे नगरसेवकाचे काम नव्हे. गावातला दवाखाना, रस्ता, पाणी, कचरा, दिवाबत्ती, गटार, बाजार यांचा हिशेब पाहणे हे त्याचे काम आहे. घटनेच्या बाराव्या अनुसूचीत असे अठरा विषय दिलेले आहेत. वित्त आयोगाचा निधी येतो त्यातला किती ठरावीक कामांपुरता बंधित आणि किती अबंधित, पाणीपुरवठ्याच्या योजनेची देखभाल कोणाकडे, मुख्याधिकाऱ्यांनी सादर केलेल्या अंदाजपत्रकात कोणत्या शीर्षाखाली किती रक्कम धरली आहे, हे जो वाचू शकतो आणि वाचून सभेत बोट ठेवू शकतो, त्याच्यामुळे पुढे मध्यरात्रीच्या खेपाच कमी होतात.

भीड मोडायला कधी कधी म्हातारे माणूस लागते. त्याच संध्याकाळी शेजारच्या घरी ही मंडळी गेली तेव्हा तेथल्या नव्वदीच्या काकींनी उंबऱ्यातूनच विचारले, ‘मत दितंय, पण नळाक पाणी कधी येतला ता सांग आदी.’ उमेदवाराला हसून पुढे जाता आले असते. तो गेला नाही. खाली बसला आणि नवी टाकी बांधून झाली आहे, जोडवाहिनीचे काम रखडले आहे, ते कशामुळे रखडले आहे, हे त्याने काकींना सांगितले. सगळे बरोबर सांगितले असेल असे नाही. पण त्याला माहीत होते. म्हणजे विचारले असते तर आमच्याही ओटीवर त्याने सांगितले असते. उमेदवाराकडे उत्तर नसते असे आपण गृहीत धरतो, आणि कितीतरी वेळा उत्तर असलेला माणूस आपल्या दारातून न विचारता परत जातो.

त्या निवडणुकीचे आणखी एक वैशिष्ट्य होते, जे गावातल्या उमेदवारांना जन्मभर लक्षात राहील. इतर मागासवर्गाच्या आरक्षणाचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात होता आणि ऐन प्रचारात न्यायालयाने त्या राखीव जागा सर्वसाधारण करून निवडणूक घेण्यास सांगितले. त्यामुळे राज्यभरच्या शंभराहून अधिक नगरपंचायतींत बाकीच्या जागांसाठी 21 डिसेंबर 2021 रोजी मतदान झाले, या जागांसाठी 18 जानेवारी 2022 रोजी झाले, आणि सगळी मतमोजणी 19 जानेवारीला एकत्र झाली. डिसेंबरात ज्यांचे मतदान झाले ते उमेदवार जवळजवळ महिनाभर निकालाची वाट पाहत एकाच आळीत राहिले. सकाळी दूध आणायला, संध्याकाळी देवळात, बाजारात मासळी घेताना, ज्याच्याविरुद्ध लढलो त्याच्याशीच रोज गाठ. कोणी कोणाला मत दिले याचे आडाखे चुलीपर्यंत पोचलेले. मुंबईत हरलेला उमेदवार दुसऱ्या दिवशी गर्दीत मिसळून जाऊ शकतो. लहान गावात हरलेल्याला आपली मते मोजता येतात आणि न मिळालेली मते कोणत्या घरांतली, हेही साधारण उमगते. तरीही त्याच घरी लग्नाची अक्षत घेऊन जावे लागते. एवढे पणाला लावून जो उभा राहतो, त्याला ‘हौस आहे’ असे म्हणून आपण मोकळे होऊ नये, असे मला कळकळीने वाटते.

त्या वर्षी वरच्या प्रभागात एक बाई अपक्ष उभ्या होत्या. बचतगटाचे काम करणाऱ्या, पन्नाशीच्या, घरची परिस्थिती बेताची. जागा महिलांसाठी राखीव होती. समोरच्या दोन्ही उमेदवारांच्या फलकांवर त्यांच्या यजमानांचे फोटो त्यांच्यापेक्षा मोठे होते. या बाईंच्या पत्रकावर फोटो त्यांचा एकटीचा होता, कारण यजमान हयात नव्हते. त्यांची एक शंभर पानी वही मी हातात घेऊन पाहिली. प्रभागातल्या प्रत्येक घरापुढे तीन रकाने: नळ आहे की नाही, पाणी किती वाजता येते, आणि किती हंडे मिळतात. काही घरांपुढे ‘विहीर – एप्रिलपर्यंत’ असे लिहिलेले. शेवटच्या पानांवर नगरपंचायतीच्या पाणीपट्टीच्या मागणीचा आणि वसुलीचा आकडा, तो त्यांनी माहितीच्या अधिकारात अर्ज करून मिळवला होता. त्या मला म्हणाल्या, ‘ताई, ही वही बघायला कोणी मागत नाही. सगळे विचारतात, तुम्ही कोणाच्या?’ म्हणजे कोणत्या पक्षाच्या, कोणत्या पुढाऱ्याच्या, कोणत्या गटाच्या.

त्या हरल्या, थोडक्या मतांनी. निवडून आलेल्या सदस्य बाई चांगल्या घरच्या आणि सरळ स्वभावाच्या आहेत, त्यांच्याविषयी मला वाईट बोलायचे नाही. पण त्या वहीतली माहिती सभागृहात गेली नाही, आणि सभागृहाबाहेर ती मांडायला जागाच नव्हती. महिलासभा असती तर आईच्या धुण्याच्या दगडांसारखा तो विषय निदान इतिवृत्तात तरी आला असता.

उमेदवार आणि प्रश्न यांचे नाते आपल्याकडे नवे नाही. महात्मा फुले पुण्याच्या नगरपालिकेत नियुक्त सदस्य होते, मतदारांकडे त्यांना जावे लागले नव्हते. तरी व्हाइसरॉय लॉर्ड लिटन यांच्या स्वागतासाठी हजार रुपये खर्चण्याचा विषय आला तेव्हा विरोधात एकट्याचे मत नोंदवून त्यांनी लोकांच्या पैशाचा प्रश्न उभा केला. आणि मुंबईत तर मृणालताई गोरे यांचे उदाहरण आहे. 1961 मध्ये त्या गोरेगावातून महापालिकेत निवडून गेल्या आणि पाण्याच्या प्रश्नावर त्यांनी असे रान उठवले की पुढे आमदार, खासदार झाल्या तरी लोक त्यांना ‘पाणीवाली बाई’ म्हणूनच ओळखत राहिले. त्या नावामागे गोरेगावच्या बायका होत्या, ज्यांनी हंडे-कळशा घेऊन आपली अडचण त्यांच्यापुढे मांडली आणि मांडत राहिल्या. मृणालताईंसारखी कार्यकर्ती घडायला विचारणारी वस्तीही लागते.

मी मुलुंडला राहते आणि माझे मत मुंबईत आहे. मुंबईचे 227 प्रभाग आहेत; 2011 च्या जनगणनेची लोकसंख्या धरली तरी एका प्रभागात सरासरी पन्नास हजारांहून अधिक माणसे येतात. येथला उमेदवार आमच्या इमारतीच्या फाटकापाशी हात जोडून चालता चालता पुढे जातो, कारण त्याला संध्याकाळपर्यंत आणखी चाळीस फाटके गाठायची असतात. 7 मार्च 2022 रोजी मागच्या सभागृहाची मुदत संपली, आणि 15 जानेवारी 2026 च्या मतदानापर्यंत या शहराला नगरसेवकच नव्हते. कारभार प्रशासकाकडे होता. आमच्या रस्त्याचे काँक्रिटीकरण त्या काळात झाले, आणि खोदलेल्या पदपथाची तक्रार घेऊन आम्ही कोणाकडे जायचे हे इमारतीतल्या कोणालाच धड सांगता येत नव्हते. जानेवारीत उमेदवार आले तेव्हा त्यांच्याशी बोलायची इच्छा होती. प्रत्यक्षात ढोलताशाच्या आवाजात नमस्काराला नमस्कार झाला. मुंबईला प्रश्न विचारण्याची भीड नाही, पण तिला उमेदवार भेटत नाही. माझ्या माहेरी उमेदवार ओटीवर येऊन बसतो, आणि तेथे भीड आडवी येते. गावाला जे सहज मिळाले आहे ते मुंबईला कितीही पैसा ओतून मिळणार नाही, म्हणून गावाने ते वाया घालवलेले मला पाहवत नाही. काहीशे मतदारांचा प्रभाग हा कारभाराला किती अनुकूल असतो याचे उदाहरण शोधायला लांब जावे लागत नाही. बारा हजारांच्या आसपास वस्ती असलेल्या वेंगुर्ला नगरपरिषदेने घराघरांतून कचरा वेगळा करून घेऊन जे काम उभे केले, ते पाहायला मोठमोठ्या शहरांतले अधिकारी येऊन गेले.

आमच्या नगरपंचायतीची मुदत आता 2027 च्या सुरुवातीला संपत आहे. मागच्या वेळी नगराध्यक्ष सतरा सदस्यांनी आपल्यातून निवडला होता. 2022 मध्ये कायदा पुन्हा बदलला आणि आता तो थेट लोकांतून निवडला जाईल. म्हणजे प्रत्येक मतदाराला दोन मते द्यायची आहेत, आणि नगराध्यक्षपदाच्या उमेदवाराला सगळ्या सतरा प्रभागांत फिरावे लागणार आहे. इच्छुकांनी आतापासून मुंबईच्या वाऱ्या सुरू केल्या आहेत, कारण गावाचा अर्धा गोतावळा येथे आहे. गेल्या महिन्यात परळच्या एका सभागृहात आमच्या गावच्या मंडळाची सभा होती आणि तिघे इच्छुक रात्रीच्या गाडीने त्यासाठी आले होते. एकाने सभागृहाचे भाडे देऊ केले, मंडळाच्या अध्यक्षांनी ते नम्रपणे नाकारले, हे मला फार आवडले. दुसऱ्याने मतदानाच्या आदल्या रात्री गाड्या सोडण्याची भाषा केली. ज्यांची नावे गावच्या आणि मुंबईच्या अशा दोन्ही याद्यांत आहेत त्यांनी त्यावर माना डोलावल्या. यंदा मुंबईच्या याद्यांत दुबार नावांपुढे खुणा कराव्या लागल्या, एवढा तो प्रश्न मोठा आहे. जो गावात राहत नाही त्याने गावच्या नळाचा निकाल लावू नये, असे मी तेथे उठून सांगितले. काही जणांना ते रुचले नाही. गणपतीला आणि शिमग्याला जाणाऱ्याचाही गावावर हक्क आहे, असे त्यांचे म्हणणे. त्या हक्काविषयी माझे दुमत नाही, मताविषयी आहे.

आम्ही मुंबईकर मत न देताही एक गोष्ट करू शकतो, आणि ती मी त्याच सभेत मांडली. माघारीची मुदत संपून चिन्हे मिळाली की प्रत्येक प्रभागात एक संध्याकाळ सगळ्या उमेदवारांना एकत्र बसवावे. जागा प्राथमिक शाळेचे तेच पटांगण. ध्वनिक्षेपक आणि खुर्च्यांचा खर्च मंडळाने करावा, कोणत्याही उमेदवाराकडून एक पैसा घेऊ नये. मागच्या दोन वर्षांच्या अंदाजपत्रकाची प्रत आणि उमेदवारांच्या शपथपत्रांच्या प्रती आधी आठ दिवस शाळेच्या भिंतीवर लावाव्यात. ती कागदपत्रे कोणालाही मिळू शकतात, मागावी लागतात एवढेच. प्रश्न चिठ्ठीवर लिहून घ्यावेत, म्हणजे विचारणाऱ्याला भीड पडणार नाही, आणि वाचणारे गुरुजी गावातले निवृत्त शिक्षक असावेत. बायकांची वेळ वेगळी ठेवावी, दुपारची, पूर्वीच्या महिलासभेसारखी.

सभेत एक ज्येष्ठ गृहस्थ म्हणाले, ‘यात भांडणं होतील.’ होतील. ग्रामसभेतही होत होती, आणि भांडून झाल्यावर लोक एकाच वाटेने घरी जात होते. दुसरे म्हणाले की उमेदवार येणारच नाहीत. तेव्हा तिसरा इच्छुक, जो तोपर्यंत गप्प बसून होता, तो उठला. ट्रकवर चालक म्हणून काम करणारा तरुण, अजून कोणत्याही पक्षाने त्याला विचारलेले नाही. त्याने एवढेच विचारले की अंदाजपत्रकाची प्रत मागायला अर्ज कोणाच्या नावे करायचा आणि त्याची फी किती. शेजारी बसलेल्या एका वकिलांनी त्याला तेथेच कागदावर मजकूर लिहून दिला. मी त्याला वरच्या प्रभागातल्या बाईंचा पत्ता दिला आणि त्यांच्याकडची नळांची वही पाहून यायला सांगितले. त्या वहीत आता चार पावसाळ्यांची भर पडली आहे. दादाने परवा फोनवर सांगितले की बाईंनी आमच्या ओटीसमोरचे गटारही तीत टिपून नेले आहे.